दात काढलं म्हणून

त्या सकाळी दाढेनं माझा जीव नकोसा केला होता. गाल इतका सुजला होता की आरशात मीच मला अनोळखी वाटत होतो. सांगलीतल्या मोठ्या रुग्णालयाच्या दंत विभागात, तातडीच्या रुग्णांच्या बाकावर मी बसलो होतो आणि पुढे कुणी घुसलं तर भांडायचंच, हे मनाशी ठरवून टाकलं होतं. दाढ दुखत असली की मला सगळं जग माझ्या वाईटावर टपलेलं दिसतं.

आणि घुसल्याच दोघीजणी. इस्लामपूरकडच्या खेड्यातली एक म्हातारी आणि तिनं हाताला धरून आणलेली तिची सून. सुनेनं पदरानं तोंड झाकलेलं, डोळ्यांतून पाणी. मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिचा पदर सरकला. तिचं तोंड सताड उघडं होतं आणि मिटतच नव्हतं. बोलता येत नव्हतं, लाळ गळत होती. अशा अवस्थेत ती वडापच्या जीपमधून, परक्या माणसांत दाटीवाटीनं बसून आली होती. माझं भांडण घशातच राहिलं. मी मुकाट्यानं पाय आखडून त्यांना वाट दिली.

डॉक्टरांची खुर्ची बाकासमोरच होती, त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं.

"काय झालं?" तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं.

"दात काढलं हिनं," म्हातारी म्हणाली.

"घरीच? कशानं काढले?"

"कशानं म्हंजी? तोंडानं!"

"पण कोणते काढले, आजी?"

"कोन्चं काय? समदंच की!"

सकाळपासून लोकांचे दात उपटत असलेल्या डॉक्टरबाईंनी टॉर्च मारून पाहिलं. सगळे दात जागच्या जागी. त्या गोंधळून म्हातारीकडे बघत राहिल्या. शेवटी मीच गाल सावरत म्हणालो, "अहो डॉक्टर, हसली ती. खो खो हसली." आणि मलाच हसू फुटलं. त्यासरशी दाढेतून अशी कळ गेली की ब्रह्मांड आठवलं.

हसता हसता जबडा निखळला होता. डॉक्टरबाईंनी सुनेला बुटक्या स्टुलावर बसवलं, सासूला मागून डोकं घट्ट धरायला सांगितलं. मग स्वतःच्या अंगठ्यांना पट्टी गुंडाळून ते तिच्या खालच्या दाढांवर ठेवले आणि आधी खाली, मग मागे दाबलं. जमलं नाही. "अंग सैल सोडा ताई, मी आहे ना," म्हणत त्यांनी पुन्हा दाबलं. बारीकसा आवाज झाला आणि तोंड मिटलं. त्या किरकोळ अंगाच्या मुलीच्या हातात एवढी ताकद आणि एवढी माया एकाच वेळी कुठून आली, याचं मला फार नवल वाटलं.

हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधत त्या म्हणाल्या, "परत निखळू शकतो. काही आठवडे तोंड मोठं उघडायचं नाही. हसणं तर एकदम बंद."

म्हातारीचा चेहराच पडला.

"आवं बाई, तेवढं नका सांगू. माझा ल्योक मिल्ट्रीतनं सुट्टीवर येताना अपघातात गेला. तवापास्नं ही हसली न्हाई. आज म्हशीनं माझा पदर चघळला, तर विहिणीसंगं भांडावं तशी मी म्हशीसंगं भांडून दावली. मुद्दामच. तवा कुटं दात काढलं हिनं. आन तुमी परत बंद म्हंता?"

पोटचा मुलगा गेलेला, आणि ही बाई सुनेला हसवायला म्हशीशी भांडत होती. मला उठून तिच्या पाया पडावंसं वाटलं.

डॉक्टरबाईंनी पट्टीची गाठ मारली. मग त्यांनी सुनेचा हात उचलून तिच्याच हनुवटीखाली ठेवला. "हसू आलं की असा हात लावायचा आणि ओठ मिटून हसायचं. तेवढं चालेल."

"आन ही इसरली तर?"

"तर तुम्ही लावा."

म्हातारीनं लगेच आपला तळवा सुनेच्या हनुवटीखाली धरला. "चल पोरी," ती म्हणाली, "म्हस वाट बघत आसंल. भांडान अर्धंच ऱ्हायलंय."

सासूच्या हातावर हनुवटी टेकून, ओठ घट्ट मिटून, सून हसली.