भगवानमामांची इटलीतली माती

सोनाळ्यात कुणीही मेलं की आमचे शेजारी भगवानमामा घरच्यांच्याही आधी हजर. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, पण सवय गेली नाही. तिरडीमागच्या गर्दीवर ओरडायचे, "सरका, पुढं सरका, समोर जागा आहे!" एकदा मी म्हणालो, "मामा, मेलेल्याची अन् तुमची ओळख तरी होती काय?" तर म्हणाले, "मातीले जायाले ओळखपत्र लागते काय बे?"

मामी गेल्या आणि इटलीत नर्स असलेल्या सुजातानं बापाला कायमचं तिकडं न्यायचं ठरवलं. लहानसं गाव, डोंगराच्या पायथ्याशी, अगदी आपल्या सोनाळ्यासारखं, असं तिनं पटवलं. मामा रडकुंडीला आले. "डोंगराचं मले काय भेव? सातपुड्याखाली जलम गेला. पण तिथं मेलो तं माह्या मातीले कोण येईन रे?" आम्ही नालायक, खो खो हसलो.

पहिल्याच आठवड्यात मामांना तिथल्या भिंतीवर एका म्हातारीचा फोटो चिकटवलेला दिसला. मयताची खबर तिकडं अशीच लावतात. अक्षर कळेना, पण असल्या फोटोत मामांची चूक होणं शक्यच नव्हतं. जावयाचा कोट चढवून थेट चर्चमध्ये! नुसते बसले असते तर ठीक, पण पेटी उचलताना यांनी खांदाही दिला. गावाला वाटलं, म्हातारीचा कुणी जुना यार आला. सुजाता लाजेनं लालबुंद. "बाबा, इथं ओळखीबिगर कोणी जात नाही!"

"मंग आता म्हातारी मेल्यावर ओळख कशी करून घेऊ?" मामा म्हणाले.

पुढं चार वर्षं त्यांनी एक माती सोडली नाही. मला फोन करून सांगायचे, "काल झकास माती झाली. लोकं रडत नाहीत जास्त, पण कॉफी पाजतात." हळूहळू मयताच्या घरचेच लोक त्यांच्यासाठी पहिल्या बाकावर जागा धरायला लागले.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. पेटीला हात लावायला चौघं तरी मिळतील की नाही, याचीच सुजाताला धास्ती. तिनं आम्हाला मोबाईलवर सगळं दाखवलं. अख्खं गाव लोटलं होतं. बेकरीवाला पिठाच्या हातानंच आलेला. सुजाता त्रिसरण म्हणू लागली, 'बुद्धं सरणं गच्छामि'. एकालाही शब्द कळत नव्हता, तरी सगळे टोप्या काढून, मान खाली घालून उभे होते.

इकडं स्टँडवरच्या हॉटेलात आम्ही दहा-पंधरा जण एका मोबाईलभोवती दाटलो होतो. आमच्यातल्या प्रत्येकाच्या आईला नाहीतर बापाला मामांनी खांदा दिलेला. आणि मामांच्या मातीला तेवढे आम्हीच नव्हतो.