न ओढलेली गाठ

माझी शेवटची पोस्टिंग हिमाचलात, एका नाल्याकाठच्या पोस्टवर होती. बारा जवान, एक सुभेदार साहेब. ०५०० ला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज, ०७०० ला चहा, मग पेट्रोलिंग. रविवारी दुपारी परवानगी मिळाली तर ट्राउट मासा धरायला जायचं.

मी पाचूबंदरचा कोळी. आमच्याकडे मासा टोपल्यांनी येतो. आमचे सेक्शन कमांडर हवालदार रतनचंद एका माशासाठी तासभर गळाला पिसं बांधत बसायचे. मला हसू आवरायचं नाही. पिसं बांधलेल्या त्या गळाला ड्राय फ्लाय म्हणतात, पाण्यावर तरंगणारी खोटी माशी. मागे शेपटीला चार ताठ केस, पुढे कोंबड्याच्या मानेचं पीस गोल गुंडाळायचं, ते हॅकल. त्या दोघांच्या जोरावर माशी पाण्यावर उभी राहते. हॅकल सैल असलं की बुडालीच.

"उस्ताद, हमारे यहाँ इतनी देर में नाव भर जाती है."

"मछुआरे, पहले एक बाँध के दिखा."

बांधली. त्यांनी दोन बोटांनी ओढली. पीस सगळं हातात आलं.

"गाँठ मारने से काम नहीं होता. खींच के देख."

अख्खा हिवाळा हे वाक्य ऐकलं. कोळ्याला गाठ शिकवतायत! माझ्या डोक्यात हवा होती, खोटं कशाला बोलू.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा नाल्यावरचा लाकडी पूल वाहून गेला. पलीकडे आमचे दोन जवान तापानं फणफणलेले होते, त्यांना औषध पोचवायचं होतं. १४१० ला दोर टाकला. पलीकडचं टोक तिथल्या इतर जवानांनी बांधलं, अलीकडचं देवदाराला बांधायचं काम माझं. मी आज्याची गाठ मारली. होडीला काथ्याचा दोर असायचा तेव्हाची ती गाठ. काथ्या पाण्यानं फुगतो, गाठ आवळत जाते. आमचा दोर नायलॉनचा होता. नायलॉन फुगत नाही, घसरतो. हे मला ठाऊक होतं. पण हाताला तीच सवय.

उस्ताद दोराला हुक लावून पाण्यात उतरायला निघाले. मागे वळून विचारलं, "खींच के देखा?"

"देखा, उस्ताद."

नव्हतं बघितलं.

मध्यावर पोचले आणि गाठ सरकली. मी दोर धरायला धावलो, तोवर दोराचं शेपूट माझ्या हातापुढून निघून गेलं होतं. पाण्याच्या जोरानं त्यांचा हुकही सुटला. १४२२ ला मी रेडिओवर बोललो, "वन मॅन इन वॉटर. ओव्हर." आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. दुसऱ्या दिवशी ०६१० ला ते खालच्या वळणावर सापडले.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "गाँठ चेक की थी?"

"येस सर."

दुसऱ्यांदा खोटं. अहवालात लिहिलं गेलं, हवालदारानं पाण्याचा अंदाज चुकीचा घेतला. मेलेल्या माणसाच्या माथी माझं पाप गेलं आणि मी सावधानमध्ये उभा राहून ते ऐकलं. लाज वाटते म्हणणं फार थोडं झालं.

त्यांच्या पत्नीनं, भाभींनी, त्यांचा माश्यांचा डबा मला पाठवला. 'मछुआरे को देना,' असं उस्ताद म्हणायचे म्हणे. पेन्शनीवर घरी आल्यापासून मी त्यातल्या सामानानं माश्या बांधतो. बायको चिडवते, "अवो, कोंबड्याचा रस्सा सोडून पिसं कसली जपताय? पानी तापलंय, उठा." पंधरा ऑगस्टला गावात मला झेंड्यापाशी उभं करतात. पोरं टाळ्या वाजवतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

भाभी दरवर्षी, उस्ताद गेले त्या दिवशी, फोन करायच्या. "आप साथ थे, इतना बहुत है," म्हणायच्या. यंदा ऐकवेना. सगळं सांगून टाकलं.

 भाभी म्हणाल्या, "लिख के दो. मेरी बेटी आज तक समझती है कि पापा की गलती थी."

त्यांनी फोन ठेवला. पुन्हा केला नाही.

त्यांना हिंदीत लिहून पाठवलं, एक प्रत युनिटला. हे मराठीत, टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या गावासाठी.

हवालदार रतनचंद. पाण्याचा अंदाज त्यांचा बरोबर होता. पाण्यात पाय टाकण्याआधी त्यांनी विचारलं होतं.