बाबांच्या बाजूचा ब्रेक

एका जुन्या गाडीचे इतके किस्से कसे साठतात, ते मला विचारू नका! हॅम्बर्गमध्ये आम्हा दोन मित्रांत एकच गाडी होती, वीस वर्षांची स्टेशन वॅगन. कागदावर मालक मिलिंद, ढकलायला मी! मिलिंद अकोल्याचा, विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर. उठता-बसता त्याचं 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर'. त्याचे बाबा रिटायर्ड ड्रायव्हर, सगळी नोकरी लाल डब्यावर झालेली. बाबा गेले, तेव्हापासून हे किस्से हसत सुरू होतात, पण हसत संपत नाहीत.

* * *

बाबा दर उन्हाळ्यात तीन महिने यायचे. जर्मनीत स्टिअरिंग डावीकडे. बाबा शेजारी उजवीकडे बसायचे, म्हणजे त्यांच्या सवयीने ड्रायव्हरच्याच जागी! सिग्नल लाल झाला की त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर जोरात दाबला जायचा.

"बाबा, तिथे ब्रेक नाहीये."

"मले माहीत आहे. तू उशिरा दाबतो, म्हणून मले दाबा लागते!"

* * *

तिसऱ्या उन्हाळ्यात ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. मिलिंदचं निदान तयार होतं, "ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरलीय." तासावर भाड्याने मिळणाऱ्या गॅरेजात आम्ही हवा काढायला गेलो. मी पेडलवर, तो चाकाशी. "दाब! धर! सोड!" तो ओरडायचा आणि मीही ओरडूनच उत्तर द्यायचो. शेवटी शेजारचा जर्मन पाना हातात घेऊन आला आणि म्हणाला, "मी भांडण सोडवू का?"

असे तीन शनिवार गेले. पेडल मऊ ते मऊच.

* * *

चौथ्या शनिवारी गाडी इमारतीमागच्या अंगणात उभी होती. बाबा खाली आले, ड्रायव्हरच्या सीटवर बसले. पेडल एकदाच दाबलं आणि पाय तसाच ठेवून मोठ्याने आकडे मोजायला लागले. वीस येईपर्यंत पेडल हळूहळू खाली टेकलं होतं.

"बाहेर कुठी गळत नाही, डबीत ऑइल पूर्ण आहे. तरी पेडल पायाखालून जाते. पेडलमागचा मास्टर सिलिंडर गेला, मिलिंद. आतलं रबर संपलं."

मिलिंद आधीच वैतागलेला. "बाबा, ही तुमची लाल गाडी नाही. ह्यातलं तुम्हाला काही कळत नाही!"

बाबांनी पाय काढला. किल्ली काढून खिशात टाकली आणि जिना चढून गेले. मी तेव्हा मिलिंदला दोन शब्द सुनवायला हवे होते. मी गप्प बसलो, त्याची मला आजही लाज वाटते.

* * *

ती किल्ली बाबांच्या खिशातून थेट अकोल्याला गेली! दुसरी आम्ही कधीच हरवली होती. फोनवर बाबा म्हणाले, "सिलिंडर बदलतो म्हण, लगेच पाठवतो."

मिलिंद हट्टाला पेटलेला. "बघू," म्हणाला. हिवाळाभर गाडी अंगणात बर्फाखाली. पार्टीत आम्ही हसत हसत सांगायचो, गाडी हॅम्बर्गला आणि किल्ली अकोल्याला!

फेब्रुवारीत फोन आला. मिलिंद अकोल्याला पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली होती.

* * *

किल्ली घेऊन परत आल्यावर मिलिंदने मास्टर सिलिंडर मागवला. बदलला, पुन्हा हवा काढली. मग मी पेडल दाबून धरलं आणि वीसपर्यंत मोजलं. दगडासारखं घट्ट.

"हललं?" त्याने चाकाशी बसूनच विचारलं.

"नाही."

तो उठेना. "मी त्यांना म्हणालो, तुम्हाला काही कळत नाही," एवढंच बोलला. आम्ही दोघंही रडलो.

* * *

मग गाडीची सरकारी तपासणी. तपासनीस पन्नाशीचा, कडक. ब्रेक पाहिले, मान डोलावली. मग उजवीकडचं दार उघडून आत वाकला. सीटसमोरच्या मॅटला एकाच जागी भोक पडलं होतं. इथे ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो.

"ही शिकवणीची गाडी होती का?" त्याने विचारलं. "शिकवणारा इथे बसायचा?"

मिलिंदने वाकून त्या भोकावर हात टेकवला.

"गेनाऊ," तो म्हणाला. "इथेच बसायचे."