मागून चालणाऱ्या बाई

वैतागात चार घास जास्तच गेले आहेत. इस्त्रीची साडी पलंगावर पसरलेली आहे आणि मी शेजारच्या आरामखुर्चीत पाठ टेकते. संध्याकाळी विद्यापीठाच्या सभागृहात मला पुरस्कार मिळायचा आहे, संशोधक विद्यार्थ्यांची उत्कृष्ट मार्गदर्शक म्हणून. आनंद व्हायला हवा, पण सकाळी सायरा येऊन गेली आणि आनंदाचं काही खरं राहिलं नाही.

सायरा मुलाणी माझ्याकडे गवतांवर पीएच.डी. करते. आत ये म्हटलं तर आली नाही, दारातूनच म्हणाली, "मॅडम, संध्याकाळी तुमच्याबद्दल दोन शब्द बोलायचं कबूल केलंय, ते बोलते. मग उद्या घरी जाते. परत नाही यायची." सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, तिला एकटीला पाठवायला तिचे अब्बा तयार नाहीत, आणि सोबतीला कोणी नाही. मी म्हटलं, "कार्यक्रम होऊ दे, मग बघू." काय बघणार आहे ते माझं मलाच माहीत नाही.

पंख्याचा आवाज लांब लांब जातो. डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. माझ्या दोन्ही बाजूंना आमच्या विभागातली उंच कपाटं आहेत, वाळवलेल्या गवतांची, आणि मी त्यांच्यामधून अनवाणी चालते आहे.

"वैजू, पाय उचलून टाक. घसटत काय चालतेस?"

आवाज मागून येतो. इंदुमती घाणेकर, माझ्या बाई, माझ्या गाईड. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी वळत नाही, कारण बाई मागूनच बोलायच्या. सड्यावर नेलं की विद्यार्थ्याला पुढे घालायच्या आणि स्वतः मागे राहायच्या. "मी पुढे गेले तर तू गवत कुठलं बघणार? माझी पाठ बघशील," म्हणायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या तळहातावर एक कुसळ ठेवलं, त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि गप्प बसल्या. वाळकं कुसळ माझ्या हातावर जिवंत असल्यागत फिरायला लागलं. मी त्याच दिवशी त्यांची झाले.

"बाई, तुम्ही गेलात ना?"

"गेले की. म्हणून चालायचं सोडू?"

फरशी पायाला खरखरीत लागते. कपाटं नाहीत. सडा आहे, गुडघाभर गवत आणि धुकं.

"मला पुरस्कार मिळतोय, बाई."

"कशाबद्दल?"

"मार्गदर्शनाबद्दल."

बाई हसतात. चिडवताना हसायच्या तसं, नाकातून. "बरं. मग तुझ्या पुढे कोण चाललंय?"

मी बघते. माझ्यापुढे कोणी नाही. खूप लांब, जिथे कातळ संपून दरी सुरू होते तिथे, एक निळी ओढणी हलते आहे. सायरा वाकून गवत बघते आहे. तिच्यामागे कोणी नाही.

मी हाक मारणार तोच गवतात खुर्च्या दिसतात. माणसं बसलेली आहेत, टाळ्या वाजवताहेत, आवाज मात्र येत नाही. कोणीतरी माझ्या खांद्यावर शाल घालतं, हातात नारळ देतं. शाल ओल्या गोधडीइतकी जड आहे. सायरा आता माइकसमोर उभी आहे, तरी कड्यावरच. "मॅडम कायम माझ्या पाठीशी असतात," ती म्हणते, आणि बोलता बोलता मागे वळून बघते. मी तिथे नसते. ती अर्धं पाऊल मागे सरकते.

मला भीती वाटते. "बाई, तुम्ही जा ना तिच्यामागे."

"मला ती कुठे दिसतेय? मला तूच दिसतेस. मी तुझ्यामागे आहे."

"माझे गुडघे दुखतात."

"माझे काय लोखंडाचे होते?"

होते असंच मला वाटायचं. शेवटच्या वर्षी बाई काठी घेऊन यायच्या आणि काठी सापांसाठी आहे असं सांगायच्या. मी खरं मानलं होतं.

"बाई, मीटिंगा असतात, कमिट्या असतात, मी तरी किती..."

"नारळ खाली ठेव आधी. हात मोकळे नाहीत तुझे."

नारळ हाताला चिकटला आहे. मी तो सोडवायला बघते, सोडवता सोडवता रडू येतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी मागे वळते. बाई नाहीत. तिथलं गवत मात्र कोणीतरी आत्ताच उभं असल्यासारखं दबलं आहे.

पंखा फिरतो आहे. साडी पलंगावर तशीच आहे. गाल ओले आहेत आणि उजव्या घोट्याला काहीतरी टोचतं आहे. मी वाकते. परकराच्या काठात एक कुसळ रुतलं आहे, तांबूस, लांब शेपटीचं.

गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून मी सड्यावर पाऊल ठेवलेलं नाही. सायराबरोबर आलं म्हणावं, तर तिनं सकाळी उंबरासुद्धा ओलांडला नाही. मी कुसळ काढून तळहातावर ठेवते आणि दुसऱ्या हातानं फोन लावते.

"सायरा, अब्बांना सांग, रविवारी मी येते तुझ्याबरोबर. पुढे तू, मागे मी. दर रविवारी."

ती विचारते, "मॅडम, तुमचे गुडघे?"

"तू हळू चाल म्हणजे झालं."

"अब्बांना विचारते," ती म्हणते. हो म्हणत नाही. फोन ठेवतही नाही. तिचा श्वास ऐकत मी हाताकडे बघते. तळवा घामानं ओला झाला आहे, आणि त्यावरचं कुसळ सावकाश फिरायला लागलं आहे.