संपावरचे भाऊजी

आमच्या भाऊजींनी बसून पूर्ण कपभर चहा प्यायलेला मी तरी कधी पाहिला नाही. दोन घोट घ्यायचे, कप खिडकीत ठेवायचे आणि गच्चीवर पळायचे, कारण तेवढ्यात ऊन सरकलेलं असायचं. ऊन सरकलं की आरसा फिरवायला हवा. खाली येऊन पुन्हा दोन घोट, पुन्हा आरसा. चहा गार झाला म्हणून मी तापवून द्यायची, आणि तोही खिडकीत तसाच गार व्हायचा. लालबागच्या आमच्या चाळीत त्यांना सगळे 'ऊनवाले' म्हणत. नात्याने ते माझे धाकटे दीर.

गिरणीत ते रिंग खात्यात होते. आठ तास साच्यांमधून चालायचं, धागा तुटलेला दिसला की जोडायचा आणि पुढे जायचं, हे त्यांचं काम. संप झाला, साचे थांबले, पाय मात्र थांबले नाहीत. सुरुवातीला प्रत्येक सभेला चालत जायचे. पुढे सभाही विरळ झाल्या, तेव्हा गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या सुरू झाल्या. शेजारणी मला बोलायच्या. एकदा मी वैतागून म्हटलं, "जरा बसा की हो भाऊजी, माझं डोकं गरगरतं." तर म्हणाले, "वयनी, संप माझो आसा, पायांचो नाय."

बिलं थकली आणि एका दुपारी दोन माणसं येऊन आमचा मीटर काढून घेऊन गेली. आमचे हे भिंतीकडे तोंड करून बसले. भाऊजी मात्र त्या माणसांच्या शेजारी उभे राहून कुठला स्क्रू कसा निघतो ते बघत होते. दुसऱ्या दिवशी कॉटन ग्रीनच्या गोदामांमागे एका भंगारवाल्याकडून त्यांनी कपाटाचे दोन फुटके आरसे आणले. मला वाटलं, संपाने डोक्यावर परिणाम झाला.

आमची आतली खोली म्हणजे भर दुपारी काळोख. तिथे सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या. भाऊजींनी एक आरसा गच्चीच्या कठड्याला बांधला, दुसरा गॅलरीच्या खांबाला. वरचं ऊन खाली, खालचं दारातून आत, आणि हातभर उजेड थेट म्हातारीच्या पायांवर पडला. सासूबाईंनी गोधडीतून पाय बाहेर काढले. "ह्या खयसून इला?" असं त्या दोनदा म्हणाल्या. मी मोरीत जाऊन रडले, हे कबूल करते. पण ऊन काही बांधून ठेवता येत नाही. दर पाव तासाला ते पायांवरून भिंतीवर जाई, मग भाऊजी धावत वर. त्यांच्या पायांना पुन्हा काम मिळालं.

मग चाळीतल्या बायकांनी त्यांना धरलं. "ऊनवाले, जरा आमच्या पापडांवर धरा." "सुक्या बोंबलांना वास येतोय, दोन तास ऊन द्या." कोणाच्या दारात किती वेळ ऊन, यावरून भांडणं लागली, आणि ती मिटवायला पुन्हा भाऊजीच पळत.

हात लावतील त्याचं काहीतरी करत. भुसा ठासून शेगडी केली, पन्हळीचं पाणी पिंपात घेतलं. सगळ्यात मजा रेडिओची. मोडक्या शिलाई मशीनचं पायडल, त्याला पट्टा, पट्ट्याला सायकलचा डायनामो, आणि मध्ये मला न कळणारी काहीतरी चिमूटभर जोडाजोड. पाय हलवाल तेवढाच वेळ रेडिओ बोलणार. संध्याकाळच्या बातम्या ऐकायला निम्मी चाळ दारात जमे आणि भाऊजी पाय मारत बसत. दमून थांबले की बातमी देणाऱ्याचा आवाज घशात अडके आणि लोक ओरडत, "ऊनवाले, मारा, मारा, गिरणीचं सांगतोय!" गिरणीचं काही सांगत नसत. तरी ते रोज पाय मारत.

दोन वर्षांनी आमच्या ह्यांनी फोर्टातल्या एका कचेरीत वॉचमनची नोकरी धरली. बाकीचेही कुठे कुठे लागले होते. मी काही साधुसंत नव्हे. मला पंखा हवा होता, बटण दाबून लागणारा दिवा हवा होता. ह्यांच्या मागे लागून मी मीटर परत घेतला. मीटर बसत असताना भाऊजी दारात आले.

"वयनी, संप मिटलो?"

"मिटल्यासारखाच आहे की आता."

"मागे घेतल्याचा तुमका कोणी सांगल्यान?"

कोणीच सांगितलं नव्हतं. संप मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही, तो नुसता विरत गेला. भाऊजी म्हणाले, "संपात मीटर गेलो. संप मिटलो काय मगे घेईन." त्याच दिवशी वळकटी उचलून ते गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीला लागून खोक्यांच्या फळ्या आणि पत्रे ठोकून त्यांनी खोली उभी केली आणि तिथेच राहू लागले. जेवायला तेवढे खाली येत. त्यांचा संप माझ्या बांगड्यांच्या आमटीशी नव्हता. जेवताना मात्र आमचा दिवा लागलेला असला तर ताट उचलून गॅलरीत जाऊन बसत. मला त्याचा फार राग यायचा. आपण काहीतरी चोरून आणल्यासारखं वाटायचं.

वाटलं, माणूसच आहे, कधीतरी थकेल. त्या दिवशी पुन्हा खेटे नकोत म्हणून मी एक उद्योग केला. मालकाच्या मेहताजीची मनधरणी करून त्या गच्चीवरच्या खोलीसाठी भाऊजींच्या नावाने मीटर घेतला. जिन्याखाली सगळ्यांच्या मीटरच्या रांगेत तोही बसला. त्यातून वायर कुठेच गेली नाही. भाऊजी त्या फळीकडे ढुंकूनही बघत नसत, त्यामुळे त्यांना पत्ता लागला नाही. बिल माझ्या दारात येई. नाव त्यांचं, युनिट शून्य. जो काही थोडा आकार असे तो भरून मी ते बिस्किटांच्या डब्यात ठेवून देई. अशी वर्षांमागून वर्षं गेली. सासूबाई गेल्या, आमचे हे गेले, भाऊजींचे केस पांढरे झाले, आणि डबा भरून दुसरा आणावा लागला.

मग चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं. यादीत नाव असेल त्यालाच नवी खोली, नसेल त्याने आपली वाट धरावी. बिल्डरचा सर्व्हेवाला फाइल घेऊन दारोदार फिरू लागला. गच्चीवरच्या खोलीची भाडेपावती नव्हती. मी मोठ्या दिमाखात दोन्ही डबे त्याच्यापुढे ठेवले. त्याने दहा-बारा बिलं चाळली.

"काकी, सगळी शून्य आहेत."

"मग? नाव आहे ना?"

"शून्य युनिट म्हणजे तिथे कोणी राहत नाही. बंद खोली यादीत जात नाही."

मी त्याच्या हाताला धरून गच्चीवर नेलं. म्हटलं, "हा माणूस बघ. हे अंथरूण, ही शेगडी. कोण राहतं इथे, भूत?" तो बिचारा ओशाळला. "दिसताहेत हो, पण कागदावर दिसायला पाहिजेत. तीन महिन्यांनी पुन्हा येतो. तोपर्यंत मीटर फिरू दे." एवढं बोलून तो उतरून गेला.

भाऊजी आरशापाशी उभे राहून सगळं ऐकत होते. ते आले आणि टाकीच्या पायरीवर बसले. असं नुसतं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ऊन सरकलं, खालून कोणीतरी पापडांसाठी हाक मारली, तरी ते उठले नाहीत.

"माझ्या नावान मीटर?"

"होय. मीच घेतला. काय बोलायचं ते बोला."

"तुम्ही माझो संप मोडूक बघलात, वयनी."

दोन दिवस ते जेवायला आले नाहीत. वर पाठवलेला डबा तसाच परत आला. तिसऱ्या दिवशी मी स्वतः वर गेले आणि म्हटलं, "भाऊजी, या वयात रस्त्यावर झोपणार? तुमचे भाऊ असते तर त्यांनी पाय धरले असते. मी धरते." आणि खरंच वाकले. ते तटकन मागे सरले. मग बराच वेळ खोलीत फेऱ्या मारल्या, आणि विचारलं, "सगळ्या बिलांवर शून्य?"

"सगळ्या."

"एकय युनिट नाय?"

"नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं, ते पगाराच्या दिवशीसुद्धा मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते जिन्याखाली गेले. मीटरमधून वायर काढली, जिन्याच्या कठड्याने सरळ रेषेत वर नेली आणि प्रत्येक मजल्याच्या वळणावर एकेक बल्ब लावला. आमच्या जिन्याला तोपर्यंत दिवा कसा तो नव्हता, बायामाणसं चाचपडत चढत. ते बल्ब दिवसरात्र जळू लागले. वायर गच्चीच्या दाराशी संपत होती. दाराच्या आत भाऊजी पायडल मारून आपला इवलासा दिवा लावत होते. म्हणाले, "मीटर फिरता. मी खय वापरतंय?" तीन महिन्यांनी सर्व्हेवाला आला, जिना उजळलेला पाहिला, बिल पाहिलं आणि नाव लिहून घेतलं.

नव्या टॉवरमध्ये आम्हाला शेजारी शेजारी खोल्या मिळाल्या. अकरावा मजला, ऊन आपणहून आत. भाऊजींची पंचाईत झाली. चार दिवस या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरले, पाचव्या दिवशी खिडकीला आरसा बांधला आणि समोरच्या, अजून न पाडलेल्या चाळीच्या तळमजल्यावर ऊन पाठवायला लागले. तिथल्या बायका खालून हात करत. खोलीतली बटणं बिल्डरने बसवली तशी कोरी राहिली. बिल माझ्याकडेच येई. शून्य दिसलं की मला बरं वाटे. भाऊजी ठीक आहेत असा त्याचा अर्थ मी लावला होता.

एका सकाळी समोरच्या चाळीतून एक बाई लिफ्टने वर आली. "आज ऊन भिंतीवर सरकलं, ते परत आलंच नाही," म्हणाली. मी शेजारचं दार उघडलं. भाऊजी खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. शेजारी चहाचा कप होता, अर्धा.

गावची माणसं यायची होती, म्हणून त्यांना उचलायचं थांबलो. दिवेलागण झाली. खोली भरलेली, काळोख दाटत चाललेला. कोणीतरी बटणाकडे हात नेला, पण त्याला भाऊजींची गोष्ट ठाऊक असावी. त्याने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"दाबा," मी म्हटलं.

ट्यूब लागली, पंखा फिरला. माणसं येईपर्यंत, आणि आल्यावर पहाटेपर्यंत, ते चालू होतं.

पुढच्या महिन्यात बिल आलं. नाव त्यांचंच होतं. युनिट दोन. शून्य म्हणजे तिथे कोणी राहत नाही, असं तो सर्व्हेवाला मला सांगून गेला होता. या खोलीत भाऊजी राहत होते तोवर शून्यच होतं. आणि त्यांचा संप जो अखेर मोडला, तो मीच, एक शब्द बोलून.