मुकी गाडी

ती घटना आठवली की आजही चालता चालता माझे पाय थांबतात. रस्त्यात कुणाची गाडी ब्रेक दाबताच किंचाळली की मी त्या माणसाला गाठतो आणि सांगतो, बाबा, ब्रेकचे लायनर संपलेत, आजच्या आज गॅरेजला जा. घरचे म्हणतात, निवृत्त झालात, आता तरी लोकांना अडवणं सोडा. त्यांचं बरोबर आहे, पण मला राहवत नाही.

ऐंशीच्या दशकातला दुष्काळ होता. उस्मानाबाद जिल्ह्यात, लोहाऱ्याच्या बाजूला एका ठाण्यात मी फौजदार होतो. विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि ठाण्यात येणारी निम्मी भांडणं घागरीवरून सुरू झालेली असत. सकाळी हजेरी घ्यायला उभा राहिलो की आज कुठं डोकी फुटणार, हाच विचार डोक्यात. त्या दिवसांत मी कुणाशी सरळ बोलत नव्हतो, असं माझे जुने हवालदार अजून सांगतात.

हद्दीत उतारावर वसलेलं एक गाव होतं. माळावरून उतरणारा रस्ता आधी वरच्या गावाच्या विहिरीपाशी येई आणि तसाच खाली बौद्ध वस्तीतल्या हौदाकडे जाई. एका सहकारी संस्थेच्या जुन्या ट्रकवर लोखंडी टाकी चढवून त्याचा टँकर केलेला होता. रोज सकाळी एक खेप. अर्धं पाणी विहिरीत, अर्धं हौदात, असा तहसीलचा हुकूम. पण हुकूम कागदावर. खालच्या बाया वर येऊन उभ्या राहिल्या नाहीत तर सगळी टाकी विहिरीतच रिकामी व्हायची. म्हणून त्या कान देऊन बसत. माळ उतरताना ट्रकचे ब्रेक असे ओरडत की आवाज साऱ्या शिवारात जाई. तो आला की हातातली कामं टाकून बाया चढावर पळत. गावाला ती पाण्याची वर्दी वाटायची. खरं तर लायनर, म्हणजे ब्रेक दाबला की चाकातल्या लोखंडी ड्रमला घट्ट धरणाऱ्या पट्ट्या, झिजून त्यातले रिव्हेट ड्रमवर घासत होते, आणि जिवावरचं ते लक्षण ऐकून लोक आनंदानं घागरी उचलत होते.

एका सकाळी गावचे पोलीस पाटील सायकल हाणत ठाण्यात आले. भरलेला टँकर विहिरीपाशी न थांबता खाली सुटला होता. वस्तीच्या वळणावर रस्त्याकडे पाठ करून अंगण झाडणाऱ्या एका तरुण सुनेला त्यानं चिरडलं होतं. ती जागीच गेली.

आम्ही पोहोचलो तेव्हा लोकांनी ड्रायव्हरला बाभळीला बांधून ठेवलं होतं. तामलवाडीकडचा, धनगराच्या घरातला, पंचविशीतला माणूस. ओठ फुटलेला. त्याला जीपमध्ये घालायला आम्हाला घाम फुटला. पंचनामा चालू असतानाच संस्थेचे सचिव आले आणि न विचारता सांगू लागले की हा पितो, आम्ही त्याला बजावलं होतं. मला घाईनं दिलेली माहिती कधीच आवडली नाही. ड्रायव्हरची वैद्यकीय तपासणी केली, दारू निघाली नाही. तरी निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्यावर होताच. वरून फोन येत होते की आरोपी आत आहे, लवकर कागद पुरे करा, वस्तीत तणाव नको.

दुसऱ्या दिवशी मेलेल्या पोरीची सासू ठाण्यात आली. ठाणे अंमलदारानं बाकावर बसायला सांगितलं, ती बसली नाही. मी तिला म्हणालो, मावशी, माणूस कोठडीत आहे, त्याला सोडणार नाही.

ती म्हणाली, "सोडा म्हणाया न्हाय आले, सायेब. गाडी वरडली न्हाय. माझी सून कान दिऊन ऱ्हायची, वरडली असती तर ती घागर घिऊन वर पळाली असती. आदल्या दिशी बी आमाला आवाज आला न्हाय, समदं पानी वरच गेलं. गाडी मुकी कुणी केली, तेवढं सांगा."

त्या क्षणी मी खुर्चीतून उठलो तो पुढं आठवडाभर नीट बसलो नाही. कारण भरती झाल्यावर पहिली काही वर्षं मी मुख्यालयाच्या मोटार विभागात काढली होती. ओरडणारा ब्रेक आपोआप बरा होत नसतो. ते काही पडसं नव्हे.

मी ड्रायव्हरला समोर बसवलं. तो सारखा एकच म्हणत होता, ब्रेक लागला नाही. असं तर प्रत्येक ड्रायव्हर म्हणतो. मी विचारलं, पेडल कसं होतं? पायाखाली भसकन गेलं का?

"न्हाय सायेब. पेडल कडक व्हतं, दगडावानी. म्या उभा ऱ्हायलो त्याच्यावर, हँडब्रेक वढला, पर गाडी थांबंना."

आदल्या दिवशी काय वाटलं, ते विचारलं. आवाज कमी झाला होता आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढत होती. मग कुणाला सांगितलं का नाहीस? तो मान खाली घालून म्हणाला, "लायनर बदला म्हणून ऑफिसात कितींदा सांगितलं. हसायचे. मग आवाज गेला, मला वाटलं दुखणं गेलं."

ब्रेकचं तेल गळालं असतं तर पेडल खाली बसलं असतं. नुसते लायनर झिजले असते तर गाडी ओरडली असती, थांबायला जास्त अंतर घेतलं असतं, पण थांबली असती. पेडल कडक, गाडी एका अंगाला ओढते आणि आवाज बंद, याचा अर्थ लायनर ड्रमला टेकत होते आणि घसरत होते. मी मोटार वाहन निरीक्षकांना बोलावून पंचांसमोर चाकं खोलायला लावली. ड्रम निघाला तसा एक वास आला. तो गॅरेजचा वास नव्हता. सणाच्या दिवशी कढई करपली की येतो तसला होता. लायनरवर करडईचं तेल जळून चिकट झालं होतं.

करडईचं तेल कुठला मेकॅनिक ब्रेकमध्ये घालील? आणि त्या साली लोक चटणीवर पाणी घालून भाकरी खात होते. चाकात ओतायला तेल असणारं घर वरच्या गावात एकच होतं. त्या घरच्या मालकाला सगळे अण्णा म्हणत. विहिरीला लागूनच त्यांचा गुरांचा वाडगा होता. टाकी रिकामी झाली की परतताना ट्रक तिथं सावलीला लागे आणि ड्रायव्हर अण्णांच्या ओसरीवर भाकरी खाई. गाडीवर नजर नसायची ती तेवढाच वेळ.

अण्णांना मी ठाण्यात आणलं नाही, ट्रकजवळ आणलं. चढ्या आवाजाच्या माणसाशी आवाज चढवून काही हाती लागत नाही, हा माझा अनुभव. चार इकडच्या-तिकडच्या गोष्टी झाल्या, पावसाच्या झाल्या. मग विचारलं, अण्णा, तुमची बैलगाडी कुरकुरली तर काय करता?

"तेल घालतो की," अण्णा म्हणाले. मग उघड्या ड्रमकडे त्यांची नजर गेली आणि ते खाली बसले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी एका बाजूच्या चाकांत, आतल्या फटीतून तेल सोडलं. आवाज पुरता गेला नाही, पण खाली ऐकू गेला नाही. सगळं पाणी विहिरीत पडलं. म्हणून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला सोडलं. "मला कुणाला मारायचं नव्हतं, सायेब. खालच्यांना ऐकू जाऊ नये, एवढंच."

एवढंच. हा शब्द मी नोकरीत पुष्कळदा ऐकला, पण त्या दिवसाइतका कधी टोचला नाही. बैलगाडीच्या चाकात आणि ट्रकच्या ब्रेकमध्ये फरक असतो, हे अण्णांना ठाऊक नव्हतं, ते मी समजू शकतो. पण पाणी सगळ्यांना प्यावं लागतं, हे तर ठाऊक होतं ना?

ड्रायव्हरविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी कोर्टात दिला आणि तो सुटला. अण्णांवर खटला चालला, तशी गाडी रस्त्यावर ठेवली म्हणून सचिवांवरही. शिक्षा झाल्या. त्या मला कमी वाटल्या, अजून वाटतात.

ट्रकला नवे लायनर बसले. मी मुद्दाम त्या सासूला सांगायला गेलो की मावशी, आता गाडी जागच्या जागी थांबते, आवाज येणार नाही. ती हौदाच्या कट्ट्यावर बसली होती. म्हणाली, "मग आमाला कळणार कसं?" मी ड्रायव्हरला ताकीद दिली की माळावरून हॉर्न दाबतच उतरायचं. त्यानं ती दुष्काळ संपेपर्यंत पाळली.

त्या प्रकरणानं मला शिकवलं ते ब्रेकपुरतं नाही. ते गाव आमच्या ठाण्यात शांत म्हणून ओळखलं जाई. खालच्या वस्तीतून वर्षानुवर्षं एकही तक्रार आलेली नव्हती आणि साहेब लोक त्याचं कौतुक करत. त्यानंतर माझी बदली जिथं जिथं झाली, तिथं चार्ज घेताना मी पहिल्यांदा शांत गावं विचारून घेई. भांडकुदळ गावाला हवालदार पाठवला तरी भागतं. शांत गावाला मी स्वतः जात असे, तेल कुणी घातलंय ते बघायला.