तेलाचे डाग पडलेलं पत्रक

फोन आला तेव्हा मी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात, पाणी खात्याच्या खिडकीपाशी उभी होते. आमच्या चाळीच्या अर्जाचं काय झालं हे विचारायला जानेवारीत तिसऱ्यांदा गेले होते आणि खिडकीमागच्या बाई जेवायला उठल्या होत्या. फोनवर सुहास होता, माझा आतेभाऊ. "आई गेली," म्हणाला. "जिन्यात बसली होती. हाक मारली तर..."

खरं सांगायचं तर लालबागला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात पत्रक तयार झालं होतं. शालूआत्या आमच्याच चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. सत्तरीची बाई खालच्या नळावरून हंडे वाहता वाहता जिन्यात कोसळली... मथळासुद्धा सुचला होता. घरी आले तर कळलं, तिच्या हातात हंडा नव्हताच. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाचा रिकामा डबा परत करून ती वर येत होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दम खायला बसली, ती बसलीच. पत्रकात बसेल असं मरण तिने मला दिलं नाही. महिना उलटला तरी माझी चिडचिड जात नाही, आणि ती फक्त पालिकेवर आहे असं आता म्हणता येत नाही.

मी पत्रकांवर वाढले. गिरणी बंद पडल्यावरही बाबा कामगारांच्या घरांसाठी पत्रकं लिहीत राहिले. मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. आत्या त्यांची थोरली बहीण, परळच्या एका इस्पितळात आयाचं काम करायची. वॉर्डातल्या ख्रिश्चन सिस्टरांना नाताळात घरी जाता यावं म्हणून चोवीस-पंचवीसची ड्युटी दरवर्षी आपल्याकडे घ्यायची. त्यांच्यातल्याच एकीने तिला कुलकुल शिकवले. नारळाच्या दुधात भिजवलेल्या मैद्याची छोटी गोळी कंगव्यावर दाबायची, गुंडाळायची, की रेघारेघांचा शिंपला होतो. मग तो तळायचा आणि साखरेत घोळायचा. मार्गशीर्षाचे गुरुवार याच दिवसांत येतात म्हणून आत्याच्या कुलकुलात अंडं कधी पडलं नाही. त्यासाठीचा पिवळा कंगवा वेगळा होता आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. एकदा मोर्चाला निघायच्या घाईत बाबांनी नेमका त्यानेच भांग पाडला. केसांत मैदा. आत्या शांतपणे म्हणाली, "जा तसोच. साहेबाक खोबऱ्याचो वास येतलो, बेगीन आत घेतलो."

डिसेंबर आमच्याकडे कधीच सुट्टीसारखा आला नाही. गुरुवारची पूजा, पोरांच्या शाळांची गॅदरिंग, लग्नाच्या खरेदीसाठी गावाहून आलेले पाहुणे, एका खोलीत नऊ माणसं आणि सगळ्यांच्या आंघोळी सकाळच्या अर्ध्या तासाच्या पाण्यात. अशात आत्या गॅलरीत नाताळची कागदी चांदणी टांगायची, परात घेऊन बसायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला गोळ्या वळायला लावायची. मला त्याचा राग यायचा. हंडे वाहून जिचे गुडघे गेले, तिला ही नसती हौस कशाला?

गेल्या डिसेंबरात खिडकीमागच्या बाईंनी सांगितलं होतं, चाळीतल्या सगळ्या खोल्यांच्या सह्या घेऊन नाताळच्या आत नव्या लाइनचा अर्ज द्या. एकदा साहेब रजेवर गेले की नवीन वर्षाशिवाय कागद हलणार नाही. मी लगेच पत्रक काढलं. 'नळ कोरडे आणि गॅलरीत चांदण्या? लाज वाटू द्या.' दारादारांखालून सरकवलं. तीन दिवसांत चाळीस खोल्यांमधून अकरा सह्या आल्या. बाकीचे गोड बोलून टाळत होते. कुणाला गावी जायचं होतं, कुणाच्या मुलीचा गॅदरिंगमध्ये नाच होता. आत्याने चष्मा लावून पत्रक पूर्ण वाचलं. चांदणी तिच्याच दारात होती. म्हणाली, "कागद बरो आसा गो, पण सुको आसा."

दुसऱ्या दिवशी पाहते तर माझ्या उरलेल्या पत्रकांच्या पुड्या बांधून ती कुलकुल वाटत होती. एका हातात ताट, काखेत सह्यांचा कागद. दार उघडलं की आधी पुडी, मग घरच्यांची चौकशी, मग पेन. सह्यांच्या कागदावर तेलाचे ठसे उमटले होते. मी गॅलरीतच, चार लोकांसमोर म्हणाले, "ही लाच आहे, आत्या. खाऊ वाटून सह्या घेणारे लोक वेगळे असतात."

ती थांबली. "लाच खंयची गो? आधी दार तर उघडूक होया."

असला अर्ज मी देणार नाही, असं सांगून मी खाली आले. माझ्यासाठी बाजूला ठेवलेली पुडी तिने पुढे केली होती, ती घेतली नाही. दोन दिवस तत्त्व सांभाळत बसले. स्वच्छ कागदावर नव्याने सह्या घ्यायच्या असं ठरवत राहिले, एकही घेतली नाही. तिसऱ्या दिवशी सुहास तोच तेलकट कागद घेऊन आला. सगळ्या सह्या होत्या, एक सोडून. आमच्याच खोलीची. चाळीला लाज वाटायला सांगणारी मी, घरात बसलेल्या बाबांची सही घ्यायची विसरले होते. वरून आत्याचा आवाज आला, "काय गो, तुझ्या बापाशीक पण पुडी देव काय?" सगळी गॅलरी हसली. बाबाही हसले आणि सही केली. मला हसू आलं नाही.

त्याच दुपारी वॉर्ड ऑफिसात गेले. साहेब आदल्या संध्याकाळीच रजेवर गेले होते.

आत्याला मी एवढंच सांगितलं की साहेब भेटले नाहीत. "भेटतलो," म्हणाली आणि हंडा घेऊन नळावर गेली. आदल्या दिवशी गेले असते तर भेटले असते, सह्या तेव्हाच पूर्ण होत आल्या होत्या, हे मी बोलले नाही. आज बोलू, उद्या बोलू... अर्ज दोन जानेवारीला दिला. पुढच्या आठवड्यात ती गेली. अर्ज वेळेवर गेला असता म्हणून ती वाचली असती असं नाही, हे मला कळतं. पण तिचे शेवटचे हंडे माझ्या त्या दोन दिवसांनी वाढवले का, हा प्रश्न काही सुटत नाही.

तेराव्यानंतर सुहासने तिचा पत्र्याचा डबा माझ्याकडे दिला. आत पुडी होती, मी न घेतलेली. तेलाने पत्रक आरपार दिसायला लागलं होतं आणि बरोबर वरच्या बाजूला 'लाज वाटू द्या' एवढेच शब्द आले होते. कुलकुलांना खवट वास येत होता. मी उभ्या उभ्या सगळे खाल्ले. खाली तो पिवळा कंगवा होता, न धुतलेला. काम संपलं की पहिला कंगवा धुणारी बाई. या खेपेला तिला सह्यांची घाई होती. दातांत मैदा वाळून घट्ट बसला होता.

परवा पालिकेचा माणूस येऊन पाइप पाहून गेला. नवी लाइन गॅलरीतून न्यायची तर प्रत्येक खोलीची पुन्हा संमती लागेल म्हणाला. मी पत्रक लिहिलंय, चार ओळींचं. मैदा आणून ठेवलाय, नारळही. बाबांची सही आधी घेतली. फक्त कंगवा धुवायचा राहिलाय... संध्याकाळपासून तीनदा नळापर्यंत जाऊन आले. आता तो रिकाम्या बादलीवर आडवा ठेवलाय. पाणी सकाळी सहाला येईल.